कागदाला हळद

कुस्को, पेरू
३ फेब्रुवारी २००४

सपनाच्या बाबा,

घरात तुला 'तू' म्हणते, मग पत्रात 'तुम्ही' लिहायचं की काय, यावर माझा पाव तास गेला. 'तू'च लिहिते.

सोनीआजी आणि पारू एव्हाना साखरशेतला पोचल्या असतील. "मास्तरीण विमानात बसलीच नाय," असं त्यांनी तुला सांगितलं असेल. खरं आहे ते. मला कुणी पळवलेलं नाही, मी आजारी नाही, डोकंही ठिकाणावर आहे. बियाण्यांचं संमेलन नीट पार पडलं. सोनीआजीने नागलीचे अकरा वाण पानांवर मांडले, मी त्यांचं इंग्रजी केलं, त्याचं कुणीतरी स्पॅनिश केलं, आणि इथल्या बटाटे पिकवणाऱ्या बायांनी मूठ मूठ नागली उचलून हुंगून पाहिली. दुभाषीण म्हणून माझं काम तिथे संपलं.

विमानतळावर पासपोर्ट काढताना कव्हरातून चार घड्यांचा एक कागद पडला. विवाह नोंदणीचा दाखला, झेरॉक्स. तूच घालून ठेवला असणार, लागला तर असू दे म्हणून. मी तो उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला. मग त्या दोघींना रांगेत पुढे केलं, त्यांच्या बॅगा चढवल्या आणि मागे फिरले.

पंढरी, बावीस वर्षं मी तुझ्या घरात आहे, ती घरोब्याची. लग्न लावायचं राहिलं ते राहिलंच. आधी कौलं, मग विहीर, मग तुझी बढती, मग सपनाचं शिक्षण. आपल्याकडे अर्धी गावं अशीच आहेत, मला त्याची लाज कधी वाटली नाही. पण लेकीचं लागायच्या आधी आईबापाचं लागावं लागतं. नाहीतर धवलेरी गाणं म्हणत नाही, आणि तिने गाणं म्हटल्याशिवाय आपल्यात लग्न होत नाही. वैशाखात सपनाचं दाभोशाच्या भावेशशी ठरलंय. त्याच मांडवात आधी आपल्या दोघांना हळद लागायची होती. आणि तू काय केलंस? पासपोर्टला लागतो म्हणून एक फॉर्म आणलास, "इथे कर, इथे कर" म्हणून बोट दाखवलंस, आणि ओळखीच्या माणसाकडून शिक्का मारून आणलास. झालं लग्न. तुझ्या टेबलावरचं टपाल उरकतोस तसं उरकलंस.

मी येईन की नाही, मला माहीत नाही. मुख्याध्यापकांना बिनपगारी रजेचा अर्ज पाठवलाय. मला राग आलाय असं समजू नकोस. राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच आलेलं नाही.

कमू


कुस्को
११ फेब्रुवारी २००४

सपनाच्या बाबा,

परवा पंचायत समितीसमोरच्या एसटीडीवर फोन केला, तेव्हा तू मोजून दोन वाक्यं बोललास. "कागद पक्का आहे. कुठंही चालेल." पुढे लाइन गेली की तू ठेवलास, देव जाणे.

कुठंही चालेल म्हणतोस, पण जामसरला चालला नाही म्हणे. सपनाने नाशिकहून ई-मेल केलाय, इंग्रजी अक्षरांत मराठी, वाचताना डोळ्यांना घाम फुटतो. तू दाखला घेऊन ठकीबाय धवलेरीकडे गेलास आणि तिच्यासमोर ठेवलास. ठकीबायने तो उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "आता याला हळद कुठं लावू? ह्या कोपऱ्याला का त्या?" नर्सिंग होस्टेलच्या सगळ्या पोरींना हा किस्सा सांगून झाला, त्या पडून हसल्या, असं सपना लिहिते. शेवटी मात्र लिहिलंय, "आई, तू कधी येतेस? मी काय सांगू त्यांच्या घरी?"

उत्तर द्यायला बसले होते. बोटं चालली नाहीत. तूच सांग तिला काहीतरी.

इथे मार्ता म्हणून एक मास्तरीण भेटलीय, पुनो गावची. संमेलनाला आली होती. माझ्यासारखंच मोडकं इंग्रजी, म्हणून आमचं जमतं. यांच्या शाळांना मार्चपर्यंत सुट्टी असते. तिने आपल्या मुलाची पाठीवरची सॅक मला दिली आणि म्हणाली, चल, देश दाखवते. मी म्हटलं, चल. नको म्हणायलाही ताकद लागते.

काल माचू पिक्चू पाहिलं. सातवीच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, आठवतं? डोंगराच्या टोकावर भिंती आहेत. दगड इतके घट्ट बसवलेत की मधे सुरीचं पातं जात नाही, असं सगळे सांगतात. मी नख घालून पाहिलं, खरं आहे. एक जर्मन मुलगी ते बघून रडत होती. मला विचारावंसं वाटलं, बाई गं, कुठे दुखतंय? मी एका धोंड्यावर बसले, खाली नदी होती, समोर ढग होते, आणि आत काहीसुद्धा हललं नाही. मग उतरले आणि उकडलेला मका खाल्ला. दाणे आपल्या मक्याच्या तिप्पट.

कमू


तकीले बेट, तितिकाका सरोवर
२१ फेब्रुवारी २००४

सपनाच्या बाबा,

हे तळं इतकं मोठं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी निळं. मी शाळेत शिकवायचे, जगातलं सर्वांत उंचावरचं, बोटी चालतात असं मोठं सरोवर. पोरं पाठ करायची. आता मी त्यातल्याच एका बेटावर आहे, आणि पाठ केलेलंच आठवतंय, त्यापलीकडे काही नाही. उंचीमुळे धाप लागते एवढंच नवीन.

पण एक गंमत सांगते. इथे पुरुष विणकाम करतात. सुया घेऊन चालता चालता विणतात, गप्पा मारता मारता विणतात. आणि त्यांच्या टोपीवरून कळतं, लग्न झालंय की नाही. पूर्ण लाल टोपी म्हणजे झालेलं. टोकाकडे पांढरी म्हणजे व्हायचंय. आम्ही ज्यांच्या घरी उतरलोय तो म्हातारा लाल टोपीवाला. मार्ताने त्याला माझ्याबद्दल काय सांगितलं कोण जाणे, तो हसायला लागला आणि बायकोला हाक मारून तिलाही सांगितलं. मग मला कळलं ते असं, की इथेही आपल्यासारखाच घरोबा असतो! पोरगा-पोरगी आधी एकत्र राहतात, कधी मूलही होतं, मग सवडीने लग्न. हे दोघं चार वर्षं तसेच राहिले होते.

"चारच?" मी म्हटलं. "आमची बावीस."

मार्ताने सांगितल्यावर म्हातारी तोंडाला पदर, म्हणजे शाल लावून हसली. तिने मार्तामार्फत विचारलं, "मग तुझा नवरा टोपी कोणती घालतो?"

मी विचार केला. कागदावर लाल, मांडवात पांढरी. ते तिला सांगायला मार्ताला चांगली पाच मिनिटं लागली. त्यानंतर ती दोघं इतकी हसली की म्हाताऱ्याच्या सुईवरचे टाके सुटले. मीही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले असेन. बाहेर येऊन बसले तर हसू कुठे गेलं ते कळेना.

त्या म्हातारीने लग्नात कोण काय म्हणालं, पाऊस आला का, कोण रुसलं, सगळं सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वीचं. माझ्याजवळ सांगायला फक्त नोंदणी क्रमांक आहे.

कमू


उयुनी, बोलिव्हिया
९ मार्च २००४

सपनाच्या बाबा,

मार्ताची शाळा सुरू झाली, ती परत गेली. मी एकटी सीमा ओलांडून इकडे आले. बस, मग आगगाडी, मग जीप. जीप दाभोशाच्या जीपसारखीच, पाचच्या जागी नऊ माणसं आणि टपावर गाठोडी, म्हणून मला अवघड गेलं नाही.

इथे मिठाचं मैदान आहे. जव्हार-मोखाडा दोन्ही तालुके त्यात टाकले तरी जागा उरेल. सध्या त्यावर टाचभर पाणी आहे आणि त्यात आभाळ दिसतं. वर आभाळ, खाली आभाळ. मधे मी, सॅक घेऊन. बरोबरची पोरं उड्या मारून फोटो काढत होती. मला त्यांनी फोटो काढायला उभं केलं, मी काढले, एकेकाचे दहा. डोकी तेवढी कापली बहुतेक.

तुला एक खोटं लिहिलं होतं, ते आज दुरुस्त करते.

मी लिहिलं, तू बोट दाखवलंस आणि मी सही केली. जसं काही मी अंगठाछाप आहे. मी पोरांना रोज सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचलं होतं, पंढरी. वर मोठ्या अक्षरांत 'विवाह' लिहिलेलं मी वाचलं होतं. तू पाण्याचा तांब्या उचललास तेवढ्यात वाचलं. आणि मला बरं वाटलं होतं. मेल्याला तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून फॉर्म आणलाय, असं मला वाटलं. मी अक्षर नीट काढून सही केली. त्या दिवशी तुला मी अंड्याचं कालवण केलं होतं, तुला आठवत नसेल.

तारीख मात्र मी वाचली नव्हती. ती जागा तेव्हा कोरी होती. ती मी कुस्कोच्या विमानतळावर वाचली. विवाहाची तारीख, १२ मे १९८२. स्थळ, वराचे राहते घर.

१२ मे १९८२ला आपल्या दारात मांडव होता, बरोबर आहे. तुकाचा होता. तुझ्या धाकट्या भावाचा, चंदाशी. मी तुझ्या घरी येऊन वर्ष झालं होतं. तीन दिवस मी पाणी भरत होते, भात उपसत होते. हळद लावताना सगळ्या बाया पुढे झाल्या तशी मीही झाले, ताटलीतली चिमूट उचलली. तुझ्या सकूआत्याने माझं मनगट धरलं. मारलं नाही, ओरडली नाही. हळू म्हणाली, "तू नको, बाय. तुझं व्हायचंय अजून." मी चिमूट परत ताटलीत टाकली. बोटं पिवळी झाली होती ती मी परकराला पुसली. तू समोर उभा होतास. तू पाहिलंस आणि मांडवाची पानं नीट करायला लागलास.

ती तारीख तू माझ्या लग्नाची म्हणून लिहिलीस. मुद्दाम नाही लिहिलीस, हे मला ठाऊक आहे. फॉर्ममध्ये तारीख हवी होती, तुला एक पाठ होती, घातलीस. तुला ती तारीख का पाठ होती, हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. तेच मला सहन होत नाही.

कमू


सुक्रे
२८ मार्च २००४

सपनाच्या बाबा,

हे गाव पांढरं आहे. भिंती, चर्च, बँक, दवाखाना, सगळ्याला चुना. एका विधवा बाईच्या घरात खोली घेतलीय. रोज सकाळी बाजारात जाते, बटाटे बघते. काळे, जांभळे, गाठीगाठींचे. सोनीआजीला वेड लागलं असतं. दोन वाण तिच्यासाठी घ्यावेत असं वाटलं, पण विमानतळावर काढून घेतात.

सपनाचे तीन ई-मेल आलेत. परीक्षा झाली, आता ती घरी मोखाड्याला येणार. भावेशच्या घरचे रोज विचारतात म्हणे. ते तू बघत असशीलच.

मी ठरवलंय. येते. तुला वाटतं तशी नाही येत, तर ऐक.

तू उठून जामसरला ठकीबायकडे जायचंस, आणि तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचंस की कागदावरची तारीख तुकाच्या लग्नाची आहे. तिच्या ओसरीवर जे कुणी बसले असतील त्यांच्यासमोर. दाखला फाडू नकोस, सरकारी आहे, राहू दे फाइलीत. मग मांडव घालायचा. मला हळद पहिली सकूआत्या लावणार, दुसऱ्या कुणाच्या हातची चालणार नाही. तिला दिसत नाही हल्ली, माहीत आहे. हात धरून आणा. आणि लग्न लागल्यावर मी तुझ्या घरी यायचं की जामसरला शाळेजवळ खोली घ्यायची, हे मी तेव्हा ठरवीन, आत्ता विचारू नकोस.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. सांगणार नाही. पत्राला तीन आठवडे लागतात. बस तीन आठवडे. वाट बघणं काय असतं ते तुलाही जरा कळू दे.

हे लिहिताना मला थोडा राग आला. चांगलं लक्षण आहे.

कमू


ला पाझ
२० एप्रिल २००४

पंढरी,

आज फोन केला तेव्हा तू जे सांगितलंस, ते मी पुन्हा लिहून काढतेय. लिहिल्याशिवाय ते खरं वाटणार नाही.

मी विचारलं, पत्र मिळालं? तू म्हणालास, "काल. कालच गेलो ठकीबायकडे."

"सांगितलंस?"

"सांगितलं. दहा-बारा माणसं होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बावीस वर्षं काय झोपला होतास रे? मग म्हणाली, गाते."

तुझा आवाज बसलेला होता. मला वाटलं, लाज वाटली असेल, वाटू दे. मी जवळजवळ खूश झाले होते. मग तू म्हणालास, "पण सपना घरी नाय."

परीक्षा देऊन आली, पंधरा दिवस घरात बसली, कुणी काही सांगेना. तू गप्प, मी इकडे. शुक्रवारी भावेशची जीप आली, आणि ती पिशवी घेऊन दाभोशाला निघून गेली. राहायला. शुक्रवारी ती गेली आणि सोमवारी माझं पत्र आलं. माझ्या तीन आठवड्यांनी तुला काय कळलं ते तूच जाणे, पोरगी मात्र गेली.

मग मी दाभोशाला त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला. तिला बोलावून आणेपर्यंत खूप वेळ गेला. मागे कोंबड्या, कुणीतरी "सपने, पाणी तापलं कं?" म्हणून विचारत होतं. ती आली ती धापा टाकत.

"आई? कुठून बोलतेस?"

मी म्हटलं, बाई, हे काय केलंस?

"काय केलं? राहते इकडे. चांगली माणसं हायत."

"आणि लग्न?"

"करू की तुमचं झालं की. घाई कुठंय? तुझं नाय का चाललं बावीस वर्षं?"

टोमणा नव्हता तो. तो असता तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. ती खरंच तसं म्हणत होती, उद्या बाजारला जाऊ म्हणावं तसं. मी शाळेत सतरा वर्षं पोरी शिकवल्या, आणि माझ्या पोरीला मी घरात राहून हे शिकवलं, की बाईने थांबायचं असतं आणि थांबलं तरी चालतं.

मी म्हटलं, मी येतेय, सगळं ठरलंय, बाबा ठकीबायकडे जाऊन आला, वैशाखातच करू, मी सगळं पत्रात लिहिलंय.

ती म्हणाली, "आई, मी किती ई-मेल पाठवले तुला. तू मला एक ओळसुद्धा नाय लिहिलीस. सगळी पत्रं बाबाला."

मी 'सपने' म्हटलं. ती म्हणाली, "ठेवते, दुकानदार बघतोय," आणि ठेवला.

पंढरी, मी काचेच्या त्या खोक्यात उभी राहून रडले. चांगली मोठ्याने. बाहेर टेलिफोनसाठी रांग लागली होती, पण कुणी दार वाजवलं नाही. एवढे डोंगर पाहिले, तळी पाहिली, मिठाचं रान पाहिलं, तेव्हा कुठे होतं हे पाणी कोण जाणे. मला फार वाईट वाटतंय. तू केलंस ते तू केलंस, त्याची शिक्षा मी तुला द्यायला निघाले आणि मधे पोरगी उभी होती, ती मला दिसली नाही. तुझ्या पानं नीट करण्यात आणि माझ्या या फिरण्यात मला आज काही फरक सांगता येत नाही.

तिकीट बदललंय. परवा निघते. हे पत्र माझ्या मागाहून येईल, तरी लिहिते, कारण समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही.

फोननंतर सपनालाच लिहायला बसले होते. तिचं नाव लिहिलं आणि पुढे तासभर काही सुचलं नाही. तुला लिहायची सवय झालीय, तुझ्याशी भांडता येतं. तिच्याशी काय भांडू? तिला मी तोंडानेच सांगणार आहे. मुंबईला उतरले की मोखाड्याला येणार नाही, आधी दाभोशाला जाणार. तिच्या नव्या दारात उभी राहणार.

तिने आत घेतलं, तर तुझ्या मांडवात येईन.

कमू